पुराचा इशारा कोणत्या भाषेत?

वेदगंगा पाटगावच्या धरणातून निघते, दूधगंगा काळम्मावाडीच्या. दोन्ही नद्या कोल्हापूर जिल्हा ओलांडून निपाणी-चिकोडीच्या मुलखात शिरतात. आंबोलीच्या डोंगरात उगम पावलेली हिरण्यकेशी आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर असा प्रवास करून घटप्रभेला मिळते. पाण्याला सीमा नाही, हे वाक्य आपण भाषणांतून पुष्कळदा ऐकले आहे. पाण्याच्या इशाऱ्याला मात्र सीमा आहे, याविषयी आपण फारसे बोलत नाही.

वरच्या धरणावर पाण्याची नोंद मराठीत होते. तेथील उपसा-पट्ट्यातल्या शेतकऱ्याला इशाराही मराठीत मिळतो. तीच वार्ता सीमेपलीकडे जाताना आधी कार्यालयीन इंग्रजीचा आणि मग कन्नडचा वेश घेते, आणि शेवटी नदीकाठच्या ज्या घरात पोचते त्या घरची भाषा पुन्हा मराठीच असते! पाणी सरळ वाटेने येते आणि इशारा दोन वळसे घेऊन. धरणाच्या आपत्तीत अशा वळशांना वेळ नसतो.

हा भाषिक अस्मितेचा हट्ट आहे, असे कोणी म्हणेल. म्हणून आधी आपत्तीचे स्वरूप पाहू. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले. त्याचे पाणी खडकवासल्यावर आदळले, ते धरणही गेले आणि पुणे बुडाले. दोन घटनांच्या मध्ये काही तास होते. त्या तासांत शहराला नेमके काय सांगायचे आणि लोकांनी कोठे जायचे, याची आखणी आधी झालेली नव्हती. ११ ऑगस्ट १९७९ रोजी गुजरातेत मच्छू-२ धरण फुटले. ज्या पुरासाठी त्याचा सांडवा बांधला होता, त्याच्या सुमारे तिप्पट पूर आला. मातीचे बांध ओलांडून पाणी मोरबीत शिरले आणि हजारो माणसे गेली. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले व वीसहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. तत्कालीन मंत्र्यांनी दोष खेकड्यांवर टाकला. तिवऱ्याची तक्रार शुद्ध मराठीत होती आणि मराठी राज्यातच होती. म्हणजे केवळ भाषा एक असून भागत नाही, हेही आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. आधी गणित अचूक हवे, मग ते गणित लोकांच्या भाषेत यायला हवे.

गणिताची गोष्ट अशी. महाराष्ट्रात पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा आखतात. या दोन्ही रेषा पावसाच्या पुराच्या आहेत. धरण फुटल्यावर पाणी कोठवर जाईल, ही तिसरी रेषा वेगळीच असते. लाल रेषेबाहेरचे घर सुरक्षित, ही समजूत तेथे प्राणघातक ठरते. ती तिसरी रेषा काढण्यासाठी भगदाड किती रुंद पडेल, ते किती वेळात पडेल, दरीचा उतार व काठावरची झाडी-पिके प्रवाहाला किती अडवतील, हे धरून संगणकावर पूर चालवावा लागतो. उपग्रहावरून घेतलेल्या ढोबळ नकाशात ओढा, रस्त्याचा भराव, उसाच्या मळ्याचा बांध दिसत नाही. उंचीत काही मीटरची चूक सहज राहते. शिवाय खरा पूर स्वच्छ पाण्याचा नसतो. तो गाळ आणि उन्मळलेली झाडे घेऊन येतो, पुलाच्या कमानी तुंबतात आणि पाणी मागे चढते. कोणती कमान तुंबते हे गावातल्या म्हाताऱ्याला ठाऊक असते. त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलल्याशिवाय ते ज्ञान नकाशात येत नाही. भाषेचा प्रश्न गणिताच्या शेवटी नव्हे, आरंभीच येतो, तो असा.

आता शब्दांकडे वळू. ‘पन्नास हजार क्युसेक विसर्ग’ म्हणजे सेकंदाला सुमारे चौदा लाख लिटर पाणी. पण हे कळूनही माणसाला काय करायचे ते कळत नाही. ‘रेड अलर्ट’ हा पावसाचा शब्द. तो धरणाविषयी काहीच सांगत नाही. पाणी सोडले, धरण धोक्यात आहे आणि धरण फुटले या तीन वेगळ्या अवस्था आहेत. त्यांसाठी तीन ठाम, न बदलणारी वाक्ये हवीत. नाहीतर पहिल्या अवस्थेत पळापळ होते आणि तिसऱ्या अवस्थेत कोणी हलत नाही. ‘दोन तासांत पाणी मारुतीच्या देवळाच्या पायरीला लागेल, माळावरच्या शाळेत जा’, इशारा असा असतो.

‘बेळगाव भागात कन्नड सर्वांना समजते’ हा युक्तिवाद नेहमीचाच. गडहिंग्लजहून हुक्केरीत सून म्हणून आलेल्या बाईला रात्री दोन वाजता ध्वनिक्षेपकावरचे कन्नड किती समजेल, याचे उत्तर त्यांनी द्यावे. भोंगा पुरेसा आहे म्हणावे, तर भोंगा धोका आहे एवढेच सांगतो. दिशा सांगत नाही.

आपण नवे काही मागत नाही. जेथे भाषिक अल्पसंख्य पंधरा टक्के वा अधिक आहेत, तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे १९६१ च्या मुख्यमंत्र्यांच्या परिषदेपासून मान्य झालेले तत्त्व आहे. जीव वाचवण्याच्या सूचनेहून महत्त्वाची सूचना कोणती? धरण सुरक्षा कायदा, २०२१ नुसार प्रत्येक निर्दिष्ट धरणाच्या मालकाने आपत्कालीन कृती आराखडा करणे बंधनकारक आहे; विद्यमान धरणांसाठी दिलेली पाच वर्षांची मुदत डिसेंबर २०२६ मध्ये संपते. भ्रमणध्वनीवर विशिष्ट क्षेत्रापुरता इशारा भारतीय भाषांत पाठवण्याची सोयही देशात आहे. तेव्हा सबब उरत नाही.

आणि हे तत्त्व दोन्ही बाजूंनी पाळले पाहिजे. उजनीखाली भीमेच्या काठी दक्षिण सोलापूर-अक्कलकोटात कन्नड बोलणारी गावे आहेत. त्यांना महाराष्ट्राने कन्नडमध्ये इशारा दिला पाहिजे. हे आपण ठणकावून सांगत नसू, तर आपली मागणी भाषेची नाही, केवळ वैराची आहे.

अलमट्टीची पातळी ५१९.६० मीटर राहावी की ५२४.२५६, या वादावर आपण वर्षानुवर्षे शक्ती वेचली. तो वाद चालू राहो. पण सीमाबांधवहो, या पावसाळ्यापूर्वी आपापल्या ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्या आणि तीनच प्रश्न विचारा. आमच्या वरच्या धरणाचा आराखडा कोठे आहे? पाणी आमच्या वेशीपर्यंत किती वेळात येईल? आणि हे आम्हाला मराठीत कोण सांगणार? उत्तर आले नाही, तर तो अर्ज जपून ठेवा. तिवऱ्याच्या लोकांनीही अर्ज दिले होते. त्यांच्यामागे उभे राहणारे कोणी नव्हते. आपण एकमेकांच्या मागे उभे राहू.