एक टोचणी आणि अनेक प्रकार
मेंढ्यांच्या नीलजिव्हा रोगावरील लसीकरणाविषयी काही विचार

पावसाळ्यापूर्वी मेंढरांना लस टोचून घ्यावी, हा उपदेश बार्शी तालुक्यातील धनगर बंधूंना आता नवा राहिलेला नाही. आंत्रविषार, पीपीआर, देवी ही नावे वाड्यावरील बायामाणसांच्याही तोंडी असतात. असे असूनही पावसाळा सरता सरता, चिखल आणि चिलटे वाढली की एखाद्या कळपात ताप येतो. मेंढ्यांचे ओठ व तोंड सुजते, नाकातील स्राव सुकून खपली धरतो, खुरांच्या वरची कड लाल होऊन जनावर लंगडू लागते आणि गाभण मेंढ्या गाभ टाकतात. मग मालक विचारतो, "लस टोचली होती, तरी मेंढरे गेली, मग टोचायची कशाला?" या प्रश्नाचे उत्तर त्याला सरळ शब्दांत क्वचितच दिले जाते. ते न दिल्याने होणारी हानी प्रत्यक्ष रोगाच्या हानीहून मोठी आहे, असे आमचे मत आहे. कारण एका लशीवरचा विश्वास उडाला की सर्वच लशींवरचा उडतो.

उत्तर असे की, प्रत्येक लस आपल्याच रोगाला अडविते, आणि काही रोगांत तर आपल्याच प्रकाराला अडविते. वर वर्णिलेला रोग बहुधा नीलजिव्हा होय. नावावरून जीभ निळी पडलीच पाहिजे असे समजू नये. पुष्कळ मेंढ्यांत ती निळी होतच नाही. आपल्या देशात या रोगाची पहिली नोंद १९६४ साली झाली, ती महाराष्ट्रातीलच शेळ्या-मेंढ्यांत. तेव्हा हा रोग आपल्याला परका नाही. पीपीआरच्या विषाणूचा लशीच्या दृष्टीने एकच प्रकार आहे, म्हणून त्याची एक लस सर्वत्र चालते. गाई-बैलांच्या लाळ-खुरकूत रोगाच्या लशीत मात्र ओ, ए आणि आशिया-१ असे तीन प्रकार घालावे लागतात. नीलजिव्हेच्या विषाणूचे तर जगात वीसहून अधिक प्रकार आढळले आहेत. ज्वारी म्हटली तरी मालदांडी वेगळी आणि हुरड्याची वेगळी, हे आपण कणसावरून ओळखतो. मेंढीचे शरीरही विषाणूचा प्रकार तसाच ओळखते. एका प्रकाराविरुद्ध तयार झालेली शक्ती दुसऱ्या प्रकारापुढे बहुधा अपुरी पडते.

घोड्यांच्या रोगापासून मिळालेला धडा

ही गोष्ट प्रथम घोड्यांच्या बाबतीत नीट उमगली. आफ्रिकी अश्वरोग हा नीलजिव्हेचा जणू भाऊच होय. विषाणू एकाच कुळातला आणि त्याचा वाहकही तोच, म्हणजे क्युलिकॉइड्स जातीची अगदी बारीक चिलटे. या रोगाचे नऊ प्रकार आहेत. १९५९ साली तो इराणकडे पसरला, आणि १९६० साली पाकिस्तानमार्गे भारतात आला. त्या साथीत मध्यपूर्वेपासून भारतापर्यंत सुमारे तीन लाख घोडे, खेचरे व गाढवे दगावली किंवा मारावी लागली. ती साथ नवव्या प्रकाराची होती. योग्य प्रकाराची लस आणि जनावरांच्या हालचालींवरील बंधने यांमुळे ती आटोक्यात आली, आणि १९६३ नंतर तो रोग भारतात दिसलेला नाही. परंतु २०२० साली थायलंडमध्ये तो अकस्मात उद्भवला व पाचशेहून अधिक घोडे मेले. या वेळी प्रकार पहिला होता. साठ वर्षांपूर्वीची नवव्या प्रकाराची लस तेथे कामी आली नसती, हे उघड आहे.

दक्षिण आफ्रिकेत हा रोग कायमचा वस्तीस आहे. तेथे घोड्यांना दोन निरनिराळ्या कुप्यांतून लस देतात. एका कुपीत १, ३ व ४ हे प्रकार, तर दुसरीत २, ६, ७ व ८. दोन टोचण्यांत किमान तीन आठवड्यांचे अंतर ठेवतात. लस जिवंत पण दुर्बळ केलेल्या विषाणूंची असल्यामुळे सर्व प्रकार एकदम दिले तर ते परस्परांना अडथळा करतात. म्हणून ही विभागणी. पाचवा व नववा प्रकार कुपीत नाहीत. त्यांचा भार अनुक्रमे आठव्या व सहाव्या प्रकारावर सोपविला आहे, कारण त्यांच्यात थोडेसे साम्य आहे. शिवाय एका वर्षाच्या टोचणीवर तेथील घोडेवाला स्वस्थ बसत नाही. दरवर्षी चिलटांचा हंगाम सुरू होण्यापूर्वी तो लस पुन्हा देतो. धनगर बंधूंच्या वाड्याबरोबर सामान वाहणारी तट्टे असतात. त्या तट्टांच्या जातभाईंनी दिलेला हा धडा आज त्यांच्या मेंढ्यांच्या उपयोगी पडावा, अशी आमची इच्छा आहे.

पाच प्रकारांची लस

आपल्या देशात भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या नीलजिव्हा प्रकल्पातील संशोधनातून पाच प्रकारांची एकत्रित लस तयार झाली आणि २०१५ साली ती वापरासाठी खुली झाली. तीत १, २, १०, १६ व २३ हे प्रकार आहेत. ही लस मारलेल्या विषाणूंची आहे. हा निर्णय विचारपूर्वक घेतलेला होता. जिवंत लशीतील विषाणू चिलटांमार्फत दुसऱ्या जनावरांत जाऊ शकतो, दोन प्रकारांचे मिश्रण होऊन नवा विषाणू निपजण्याचा संभव असतो, आणि गाभण मेंढीला त्यापासून अपाय होऊ शकतो. मृत लशीत हे धोके नाहीत.

येथे चिकित्सक शेतकरी विचारील, "प्रकार वीसहून अधिक आणि लस पाचांची, मग उरलेल्यांचे काय?" शंका रास्त आहे. तथापि हे पाच प्रकार आपल्याकडील साथींच्या अभ्यासावरून निवडलेले आहेत. दहा चोरांपैकी जे गावात वारंवार येतात त्यांच्या वाटेवर पहारा बसविणे हे शहाणपणच होय. मात्र पहारा बसविला म्हणून निजावयाचे नसते. युरोपातील उदाहरण पाहा. २००६ साली नेदरलँड्स व शेजारील देशांत नीलजिव्हेचा आठवा प्रकार शिरला. २००८ पासून त्या प्रकाराच्या लशीची व्यापक मोहीम झाली आणि रोग हटला. पुढे २०२३ साली तेथेच तिसरा प्रकार आला. आठव्या प्रकाराच्या लशीचा त्यावर उपयोग नव्हता. नवी लस हाती येईपर्यंत मेंढपाळांना मोठे नुकसान सोसावे लागले. तात्पर्य, आपल्या शिवारात कोणता प्रकार फिरतो आहे याची खबर ही लशीइतकीच मोलाची आहे.

कळप हाकलणे हा उपाय नव्हे

ही खबर मिळत नाही, याचे एक कारण गावकऱ्यांच्या वर्तनात आहे. शेतात बसविलेल्या कळपात रोग दिसला की शेतमालक घाबरतो आणि धनगराला वाडा हलविण्यास सांगतो. त्या भीतीने धनगर आजार लपवितो, मेलेली मेंढी गुपचूप पुरतो आणि पुढच्या गावी जातो. यात कोणाचेच हित नाही. नीलजिव्हा हा रोग मुख्यतः चिलटांच्या चाव्यातून पसरतो. लेंडीखतातून शेताला किंवा माणसाला तो होत नाही. उलट आजारी कळप वैरागहून पांगरीला गेला, तर तेथील चिलटांना तो नव्याने विषाणू पुरवितो. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी: गाई-म्हशींच्या रक्तात हा विषाणू काही आठवडे राहू शकतो आणि त्या बहुधा आजारी दिसत नाहीत. म्हणजे ज्या शेतमालकाने कळप हाकलला, त्याच्याच गोठ्यात रोगाचे बीज असणे शक्य आहे.

पीपीआरचीही काही लक्षणे अशीच असतात, आणि तो मात्र एका जनावराकडून दुसऱ्याकडे संसर्गाने जातो. म्हणून निदान होईपर्यंत आजारी मेंढ्या वेगळ्या बांधाव्या, कळप आहे तेथेच राहू द्यावा आणि पशुवैद्यकास बोलवावे. शेतमालकाने चार दिवस धीर धरला, तर धनगरालाही सत्य सांगण्याचा धीर येईल.

गावाने काय करावे

प्रथम, लशीची मागणी पशुवैद्यकीय दवाखान्याकडे उन्हाळ्यातच नोंदवावी व मे-जूनमध्ये टोचणी पुरी करावी. प्रतिकारशक्ती तयार होण्यास काही आठवडे लागतात. चिलटे वाढल्यावर केलेली धावपळ उशिराची ठरते. मात्रा आणि पुन्हा टोचण्याची मुदत कुपीवरील सूचनेप्रमाणे पाळावी. अर्धा कळप टोचून अर्धा सोडू नये.

दुसरे, पशुधन पर्यवेक्षक व पशुसखी यांनी टोचणीच्या वेळी लस कोणत्या रोगाची, कोणत्या प्रकारांची आणि किती मुदतीची हे मालकास तोंडी सांगावे आणि त्याच्या वहीत लिहून द्यावे. "लस दिली" एवढेच सांगणे पुरेसे नाही. ज्याला लशीची मर्यादा आधी कळली आहे, तो नंतर तिला दोष देत नाही.

तिसरे, लस दिलेल्या कळपात रोग दिसला तर ती खबर सर्वांत आधी द्यावी. ताप असतानाच पशुवैद्यकाकडून रक्ताचा नमुना घेववावा. तो बर्फावर, पण न गोठविता, पुण्याच्या औंध येथील रोग अन्वेषण विभागाकडे जावा. मेलेल्या मेंढीपेक्षा तापलेल्या मेंढीचे रक्त अधिक सांगते.

चौथे, रात्रीची बसण्याची जागा उंच व कोरडी असावी, गोठ्याच्या शेणाच्या ढिगाऱ्यापासून व ओलीपासून दूर असावी. ही चिलटे मुख्यतः तिन्हीसांजेपासून पहाटेपर्यंत चावतात. तेवढा वेळ धूर करावा. आजारी मेंढीस सावली, मऊ चारा व स्वच्छ पाणी द्यावे. या रोगावर खात्रीचे औषध नाही.

लस ही सरकारने द्यावयाची आणि मालकाने निमूटपणे घ्यावयाची वस्तू आहे, ही समजूत आता टाकून दिली पाहिजे. कोणते प्रकार कुपीत घालावे हे प्रयोगशाळेत ठरते. पण ते ठरविण्याचा पुरावा वाड्यावरूनच तेथे पोहोचतो. बार्शीच्या माळावरील एका तापलेल्या मेंढीचे चमचाभर रक्त वेळेवर पुण्यास गेले, तर पुढील वर्षीची टोचणी अधिक अचूक होण्यास त्याचा हातभार लागेल. तेवढी तसदी शेतमालक, धनगर आणि गावपातळीवरील कार्यकर्ते यांनी मिळून घ्यावी.