पुरावा कुणाच्या कपाटात होता?

बालपणी सोसलेल्या अत्याचारांचं आत्मकथन प्रसिद्ध झालं की पाठोपाठ आक्षेप येतोच: हे खरं कशावरून? आक्षेप घेणारे सगळेच निर्दय नसतात. त्यांच्या हाती खरी उदाहरणं असतात, आणि खंडन करायचं तर पूर्वपक्ष आधी त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडायला हवा.

१९९५ साली बिन्यामिन विल्कोमिर्स्की या नावाने जर्मन भाषेत एक लहानसं पुस्तक निघालं. रीगा शहरात जन्मलेला, माय्दानेक आणि आउश्वित्झच्या छळछावण्यांत लहानपण गेलेला ज्यू मुलगा आपल्या तुटक आठवणी सांगतो आहे, असं त्याचं स्वरूप होतं. भाषांतरं झाली, पुरस्कार मिळाले, छळछावण्यांतून वाचलेल्या वृद्धांनी लेखकाला जवळ घेतलं. १९९८ मध्ये डॅनिएल गान्झफ्रीड या स्विस लेखकाने दाखवून दिलं की हा गृहस्थ १९४१ साली स्वित्झर्लंडमधल्या बील गावी एका अविवाहित आईच्या पोटी जन्मला आणि झ्युरिकच्या एका जोडप्याने त्याला दत्तक घेतलं. इतिहासकार श्टेफान मेख्लर यांच्या तपासातून तेच निष्पन्न झालं आणि प्रकाशकाला पुस्तक मागे घ्यावं लागलं. २००८ मध्ये मिशा दफोन्सेका या लेखिकेने कबूल केलं की लांडग्यांच्या सोबतीने युरोप तुडवणाऱ्या ज्यू मुलीची तिची आत्मकथा रचलेली होती. अशी पुस्तकं खऱ्या पीडितांचा घात करतात, हे मी कसलाही आडपडदा न ठेवता मान्य करतो.

पण ही लबाडी उघडी पडली कशी? गान्झफ्रीड आणि मेख्लर यांनी जन्माची नोंद शोधली, दत्तकविधानाचे कागद पाहिले, माणसं गाठली, तारखा जुळवल्या. त्यांची शंका कष्टाची होती. त्या कष्टातून आणखी एक गोष्ट वर आली. हे मूल खरोखरच आईपासून तोडलं गेलं होतं, दत्तक जाण्याआधी परक्या घरांत ठेवलं गेलं होतं. स्वित्झर्लंडमध्ये गरिबांची आणि अविवाहित आयांची हजारो मुलं अशी परक्या हवाली केली जात, कित्येकांना शेतांवर राबवलं जाई. २०१३ मध्ये तिथल्या सरकारने त्याबद्दल जाहीर माफी मागितली. म्हणजे ज्यांनी खोटं पकडलं, त्यांच्याच हातून खोट्याखाली दडलेलं खरं बालपणही सापडलं. अशा शंकेपुढे मी नमतो. दप्तर न उघडता, कुणाला काही न विचारता ‘ही पुस्तकं अशीच असतात’ म्हणून मोकळं होणं मात्र शंका नव्हे. ऐकायचं नाही, हे तिथे आधीच ठरलेलं असतं.

अशा नकाराची किंमत काय पडते, हे आयर्लंडमध्ये दिसलं.

गॉलवे परगण्यातल्या लेटरफ्रॅक इथे ख्रिश्चन ब्रदर्स या कॅथलिक संघाची औद्योगिक शाळा होती. दारिद्र्य, पोरकेपण, शाळा बुडवणं अशा कारणांवरून न्यायालयं मुलांना अशा शाळांत धाडत. पीटर टायरेल १९२४ साली वयाच्या आठव्या वर्षी तिथे गेला आणि सोळाव्या वर्षी सुटला. शिवणकाम शिकून बाहेर पडला, पुढे ब्रिटिश सैन्यात भरती झाला, दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या हाती सापडला. लेटरफ्रॅकच्या मानाने जर्मनांची कैद त्याला सुसह्य वाटली होती. १९५०च्या दशकात त्याने संघाला तक्रारीची पत्रं लिहिली. दाद लागली नाही. शाळेतली मारहाण थांबावी म्हणून झगडणारे डब्लिनचे सिनेटर ओवेन शीही-स्केफिंग्टन यांच्या सांगण्यावरून त्याने सगळी हकीकत लिहून काढली. तीही छापली गेली नाही. १९६७ साली लंडनच्या हॅम्पस्टेड हीथवर त्याने स्वतःला जाळून घेतलं. देहाची ओळख पटायला सुमारे वर्ष गेलं. जवळ सापडलेल्या पोस्टकार्डाच्या तुकड्यावरून पोलीस स्केफिंग्टन यांच्यापर्यंत पोहोचले, तेव्हा कुठे मेलेल्याला नाव मिळालं. त्याचं हस्तलिखित स्केफिंग्टन यांच्या कागदपत्रांत पडून होतं. ते २००६ मध्ये पुस्तकरूपाने आलं.

अशा लेखकांबद्दल ठरावीक संशय व्यक्त होतात: पैशासाठी लिहिलं, प्रसिद्धीसाठी लिहिलं, सूड म्हणून लिहिलं. टायरेलला पैसा मिळाला नाही. प्रसिद्धी तर इतकी दूर की प्रेतालाही वर्षभर ओळख नव्हती. तरीही त्याचं म्हणणं तपासायला कुणी लेटरफ्रॅकला गेलं नाही, आणि ती शाळा १९७४ पर्यंत चालली. त्याच्या पत्रांनंतरही तिच्या फाटकातून मुलं आत जात राहिली. मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत असह्य वाटतं ते हेच. न तपासलेला संशय लिहिणाऱ्यापाशी थांबत नाही, पुढच्या मुलांनाही तो भोवतो.

पुढे १९९६ मध्ये गोल्डनब्रिज अनाथालयात वाढलेल्या क्रिस्टीन बकली यांची हकीकत आयर्लंडच्या दूरचित्रवाणीवर आली, १९९९ मध्ये मेरी राफ्टरी यांची माहितीपट-मालिका आली आणि त्याच वर्षी पंतप्रधान बर्टी अहर्न यांनी माफी मागितली. नुकसानभरपाईच्या लोभाने गोष्टी रचल्या जात आहेत, असं म्हणणारे तेव्हाही होतेच. चौकशी आयोगाने २० मे २००९ रोजी अहवाल दिला. लेटरफ्रॅकमधली मारहाण तीव्र, अतिरेकी आणि सर्वत्र पसरलेली होती आणि लैंगिक अत्याचार हा तिथला जुनाट प्रश्न होता, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याहून महत्त्वाची गोष्ट आयोगाला संघाच्या रोममधल्या दप्तरात मिळाली. मुलांवर अत्याचार केल्याबद्दल ब्रदर लोकांवर झालेल्या अंतर्गत कारवाईची कागदपत्रं तिथे होती. लैंगिक अत्याचार घडतात हे संघाला दशकानुदशकं ठाऊक होतं. साठीच्या माणसाकडे त्याच्या आठव्या वर्षाचा पुरावा मागितला जात होता आणि पुरावा होता तो आरोप असलेल्या संघाच्याच कपाटात.

‘मग सख्खी भावंडं वेगळं का सांगतात?’ हा आक्षेप तोलामोलाचा मानला जातो. अमेरिकेतल्या डेव्ह पेल्झर यांच्या १९९५च्या पुस्तकावर तो जोरात झाला. आईने उपाशी ठेवलं, जाळलं, भोसकलं, असं त्यांनी लिहिलं. एका भावाने हे साफ नाकारलं, पत्रकारांनीही बऱ्याच तपशिलांवर बोट ठेवलं. पण रिचर्ड या दुसऱ्या भावाने २००५ मध्ये स्वतःचं पुस्तक लिहून सांगितलं की छळ झाला होता, आपणही त्यात आईला साथ दिली होती आणि १९७३ मध्ये डेव्हला घरातून सोडवून नेल्यावर आईचा रोख आपल्याकडे वळला. पेल्झर यांची अतिशयोक्ती कुठे आणि किती, यावर वाद होऊ शकतो. मला त्यांची लेखनशैलीही आवडत नाही. पण एका मुलाला लक्ष्य करणाऱ्या घरात इतरांचं बालपण निराळंच असतं. कुणाला आईची माया मिळते, कुणाला आपली पाळी येईल म्हणून गप्प बसावं लागतं. एकाच छताखाली वाढलेल्यांच्या साक्षी जुळल्या नाहीत, एवढ्यावरून एकजण खोटारडा ठरत नाही.

स्मृतीचा मुद्दा विज्ञानाच्या नावाने येतो, म्हणून त्याला विज्ञानानेच उत्तर द्यायला हवं. एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या १९९५च्या प्रयोगात २४ जणांना, ‘तू लहानपणी बाजारात हरवला होतास’ अशी न घडलेली गोष्ट सांगितली गेली. सहाजणांनी ती पूर्ण किंवा अर्धवट ‘आठवून’ दाखवली. हा प्रयोग सगळे सांगतात. त्याच सुमाराचं, १९९४ चं लिंडा मेयर विल्यम्स यांचं संशोधन फारसं कुणी सांगत नाही. बालपणी लैंगिक अत्याचार झाल्याची रुग्णालयात नोंद असलेल्या १२९ स्त्रियांना त्यांनी सुमारे १७ वर्षांनी गाठलं. ३८ टक्के स्त्रियांनी त्या घटनेचा उल्लेखच केला नाही. म्हणजे न घडलेलं आठवू शकतं, तसं नोंदलेलं विसरलंही जातं. संमोहनाखाली पहिल्यांदाच वर आलेल्या आठवणी वेगळ्या काढून कसून तपासाव्यात, यात दुमत नाही. तशा आठवणींपायी अमेरिकेत निरपराध कुटुंबं उद्ध्वस्त झाली आहेत. पण टायरेल काहीच विसरला नव्हता, म्हणून तर तो पत्रं लिहीत राहिला. न विसरलेल्या माणसावर विसराळूपणाचा कायदा लावता येत नाही.

आता दुसऱ्या बाजूशीही माझं भांडण आहे. ‘पीडिताचं प्रत्येक वाक्य मानलंच पाहिजे’ असं म्हणणारे विल्कोमिर्स्कीच्याही बाजूने उभे राहिले होते. आणि नुसत्या विश्वासाने काय साधतं? फ्रान्समध्ये गाब्रिएल मात्स्नेफ या लेखकाने अल्पवयीन मुलामुलींशी असलेले संबंध स्वतःच पुस्तकांतून मिरवले. १९९० मध्ये दूरचित्रवाणीवरच्या साहित्यचर्चेत एकट्या दनीझ बोंबार्दिए या कॅनडाच्या लेखिकेने त्याला तोंडावर सुनावलं, आणि टीका झाली ती तिच्यावर. २०१३ मध्ये त्याला मानाचा रेनोदो पुरस्कारही मिळाला. शंकेला इथे जागाच नव्हती, सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. २०२० च्या जानेवारीत व्हानेसा स्प्रिंगोरा यांनी आपण चौदा वर्षांच्या असताना काय घडलं ते मुलीच्या बाजूने लिहिलं, तेव्हा चौकशी सुरू झाली, त्याच्या प्रकाशकाने त्याच्या रोजनिश्यांची विक्री थांबवली आणि पुढच्या वर्षी कायदाही बदलला. मुलीचं लिखाण यावं लागलं, कारण त्याच्या पुस्तकांत ती माणूस म्हणून नव्हतीच. अशा आत्मकथनाचं मोल मला इथे दिसतं.

त्यामुळे माझा आग्रह कष्टाच्या शंकेचा आहे, आणि ती पहिल्यांदा प्रकाशकाने घ्यावी. छापण्याआधी शाळेची नोंद, दवाखान्याचे कागद, जुनी पत्रं, त्या वेळी आसपास असलेली माणसं, जे मिळेल ते पाहावं. जिथे आठवणी जुळत नाहीत तिथे तसं छापावं. टारा वेस्टओव्हर यांच्या २०१८च्या आत्मकथनात भावाची आठवण वेगळी असेल तिथे तळटीप आहे. आईवडिलांच्या बाजूने पुस्तकाचा प्रतिवाद झाला, तरी त्या तळटीपांनी पुस्तक दुबळं झालं नाही, उलट वाचकाचा विश्वास वाढला.

आपल्याकडे हे सगळं आणखी अवघड आहे. केंद्र सरकारच्या २००७ च्या पाहणीत १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलणं झालं. महाराष्ट्र आणि गोवा त्यांत होते. ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सांगितला आणि अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे ओळखीचे किंवा विश्वासातले होते. त्याआधी २००० मध्ये मुंबईच्या पिंकी विराणी यांनी या विषयावर पुस्तक लिहिलं, त्यात स्वतःच्या बालपणाचंही सांगितलं. पण ती मुलं उद्या मोठी होऊन काका, मामा, शिकवणीचे सर यांची नावं घेऊन लिहू लागली तर? आपल्याकडे अब्रुनुकसानी हा फौजदारी गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. लिहिलेलं खरं आहे एवढं सिद्ध करून भागत नाही, ते सार्वजनिक हिताचं आहे हेही दाखवावं लागतं. २०२१ मध्ये पत्रकार प्रिया रमाणी यांच्यावरच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात दिल्लीच्या न्यायालयाने म्हटलं की स्त्रीला आपली तक्रार कित्येक दशकांनंतरही, तिला योग्य वाटेल त्या व्यासपीठावर मांडता येते. तो निकाल एका खटल्यापुरता आहे. बालपणी झालेल्या अत्याचाराचं खरं कथन हे सार्वजनिक हिताचंच मानलं जाईल, असं कायद्यातच स्पष्ट लिहिलं गेलं पाहिजे. तोवर आपल्याकडे पुरावा मागणाऱ्यांनी आधी या दुरुस्तीची मागणी करावी.