सकाळची गाडी वाचवा, पोरं वाचतील

रस्ता सुरक्षा अभियान आलं की आमच्याकडं सगळं ठरलेलं असतं. कॉलेजच्या पटांगणावर मांडव पडतो, साहेबांचं भाषण होतं, निबंध स्पर्धेची बक्षिसं वाटली जातात, हेल्मेटची शपथ होते. शपथ घेतलेली पोरं मग गेटबाहेर येतात, एका गाडीवर तिघं बसतात आणि गावाकडं सुटतात. चालवणाऱ्याला अजून मिसरूड फुटलेलं नसतं. भाषण केलेले साहेबही हे बघतात आणि जीपमध्ये बसून निघून जातात. त्यांना तरी काय बोलायचं? चावी काढून घेतली तर ही पोरं बारा-पंधरा किलोमीटर जाणार कशानं? साडेपाचची एसटी केव्हाच बंद झाली आहे.

त्या साडेपाचच्या गाडीसाठी आणि तिच्या जोडीच्या सकाळच्या गाडीसाठी हे लिहितो आहे.

तरुण पोरांच्या अपघाताचा विषय निघाला की आपण लगेच त्यांच्या डोक्याकडं बोट दाखवतो. वेगाचं वेड, मोबाइल, रील, मस्ती. त्यात खोटं काही नाही. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे 2022 साली देशात 1,68,491 माणसं रस्त्यावर गेली. त्यातली दोन तृतीयांश 18 ते 45 वयाची, म्हणजे घरातली कमावती किंवा कमवायला लागणारी. डोक्यावर हेल्मेट नसलेले 50,029. महाराष्ट्रातले 15 हजारांच्या वर. पण त्याच अहवालातल्या आणखी एका आकड्यावर आपल्याकडं चर्चा होत नाही. मेलेल्यांत दुचाकीवरचे 44.5 टक्के होते आणि बसमधले दोन-तीन टक्के. पोरगं बस सोडून दुचाकीवर बसलं, तिथंच त्याचा जीव निम्मा टांगणीला लागला. हेल्मेट आणि वेगाचा प्रश्न त्यानंतरचा.

आता कायदा बघा. गिअरच्या गाडीला 18 वर्षं पूर्ण लागतात. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो 50 सीसीच्या आतल्या बिनगिअरच्या गाडीचा, आणि तसली गाडी हल्ली शोरूममध्ये दिसतच नाही. अकरावी-बारावीचं पोरगं सोळा-सतराचं. म्हणजे ज्युनिअर कॉलेजच्या आवारात ओळीनं लागलेल्या त्यांच्या पेट्रोलच्या गाड्या जवळपास सगळ्या बेकायदा, आणि त्यांच्यासाठी पत्र्याची शेड मात्र संस्थेनंच बांधलेली! 2019च्या दुरुस्तीनं अल्पवयीनाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, 25 हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द आणि पोराला पंचविशीपर्यंत परवाना नाही, अशी तरतूद केली. वर विम्याचं वेगळंच. चालवणाऱ्याकडं परवाना नसला तर कंपनीला समोरच्याची भरपाई द्यावी लागली, तरी ती रक्कम गाडीमालकाकडून वसूल करायला ती मोकळी असते. आपल्याकडं मालक म्हणजे बाप, आणि वसुलीला जमिनीचा तुकडा.

पुण्यात कल्याणीनगरला 19 मे 2024च्या पहाटे पोर्शे गाडीखाली दोन तरुण अभियंते गेले. गाडी सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती होती असं पोलिसांनी सांगितलं आणि जामिनाच्या अटींत 300 शब्दांचा निबंध निघाला, तेव्हा राज्य पेटून उठलं. उठायलाच हवं होतं. पण तेच वय बापाच्या जुन्या स्प्लेंडरवर रोज दिसतं, त्याचं कुणाला काही वाटत नाही. उलट कौतुक असतं. 'पोरगं गाडी चालवतंय आता, डेअरीला दूध घालून येतंय.'

हे वय आणि आपले रस्ते एकत्र आले की काय होतं, ते उसाच्या हंगामात बघावं. पेठ–सांगली रस्त्यासारख्या कुठल्याही रस्त्यावर, दिवेलागणीच्या वेळी. पुढं ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर चिखलानं माखलेला, नाहीतर वाढ्याखाली झाकलेला. समोरून येणाऱ्या ट्रकचा झोत डोळ्यांवर, डिपर द्यायची पद्धतच नाही. साठच्या वेगानं येणारी दुचाकी सेकंदाला सतरा मीटर कापते. पोराला ट्रॉली दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एवढं अंतर संपलेलं असतं. कोरड्या रस्त्यावर पूर्ण थांबायला एकूण चाळीस मीटर तरी लागतात, मागं दोघं बसलेले असले तर आणखी. मुरलेला चालक लांबवर नजर ठेवतो, अंधारातला काळा ठोकळा त्याला आधी जाणवतो. नवशिक्या पुढच्या चाकाजवळचा खड्डा चुकवण्यात गुंतलेला असतो, आणि मागचे दोस्त 'मार, मार, निघेल' म्हणत असतात. हे शहाणपण अभियानातल्या फलकानं येत नाही. ते वर्षांनी येतं, आणि तोवर पोरानं जिवंत राहायला हवं.

म्हणून गाडी हवी. 1 जून 1948ला पुणे–अहमदनगर पहिली एसटी धावली, आणि पुढं 'गाव तिथं एसटी' हे खरंच घडलं. कोरोनाच्या आधी ताफा अठरा हजारांच्या घरात होता. मग टाळेबंदी, मग 2021–22चा लांबलेला संप, जुन्या गाड्या मोडीत. ताफा रोडावला आणि खेडोपाडच्या बऱ्याच फेऱ्या परत आल्याच नाहीत. आगारात विचारलं की उत्तर ठरलेलं: भारमान नाही. ते खोटंही नाही. गाडी तीनदा उशिरा आली, पोरांनी बापाच्या मागं लागून दुचाकी मिळवली, गाडी रिकामी पडली, फेरी रद्द झाली, आणि उरलेल्यांनीही दुचाक्या घेतल्या. एसटीचा तोटा ताळेबंदात दिसतो. मिरजेच्या दवाखान्यात चार महिने पायात सळ्या घालून पडलेल्या पोराचा खर्च कुठल्या ताळेबंदात धरायचा?

एसटीचं मला आंधळं प्रेम नाही. खिडक्या खुळखुळतात, पावसाळ्यात छत गळतं, घाटात गाडी बंद पडते. तरी चाक धरलेला माणूस परवानाधारक आणि प्रशिक्षित असतो, हे माझ्यासाठी पुष्कळ झालं.

एक अडचण मात्र आपल्या घरातलीच आहे. मुलींना बारावीपर्यंत पास फुकट, शिवाय काही तालुक्यांत सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या गाड्या. मुलांना पासात दोन तृतीयांश सवलत, तरी ते गाडीत चढत नाहीत, कारण गाडी म्हणजे पोरींची आणि पोरानं कसं, बुंगाट जायचं. हा कमीपणा त्यांना कुणी शिकवला? दहावीला नव्वद टक्के पडल्यावर बक्षीस म्हणून दुचाकी दारात उभी करणाऱ्या आपणच. यंदा ती आणू नका. घेतलीच असेल तर चावी अठरा वर्षं होईपर्यंत आईकडं राहू दे. बापाकडची चावी टिकत नाही, हा अनुभव आहे.

बाकीचं काम गावानं मिळून करायचं. 1 मेच्या ग्रामसभेत फेरीचा ठराव घ्या, कारण पोरांचे प्रवेश जूनमध्ये होतात आणि सुटीत थांबवलेली फेरी मागितल्याशिवाय सुरू होत नाही. ठरावासोबत यादी जोडा: कुठल्या वाडीतली किती मुलं, कुठल्या कॉलेजात, सुटण्याची वेळ काय. प्राचार्यांनाही गाठा. एकाच रस्त्यावरची तीन कॉलेजं तीन वेळांना सुटत असतील तर कुठलीच गाडी भरणार नाही. वेळ जुळवणं त्यांच्या हातात आहे आणि त्याला पैसा लागत नाही. तेवढ्यात पत्र्याच्या शेडचाही विषय काढा. साखर कारखान्याच्या शेती ऑफिसात जाऊन रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉलीचा काटा करू नका असं सांगा. सभासद तुम्हीच आहात. आणि फेरी सुरू झाली की पहिले दोन महिने पोरांना सक्तीनं तिच्यातच बसवा. त्याच महिन्यांत भारमान मोजलं जाईल.

अर्ज आगार व्यवस्थापकांच्या नावानं करा, प्रत विभाग नियंत्रकांना. एकट्यादुकट्यानं जाऊ नका, सरपंच आणि चार आया सोबत घ्या. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय आगारातून हलू नका.