साक्षीदाराची सही

परवा एका मित्राचा मेल आला : "माझी पब्लिक की सोबत आहे, जीपीजीने सही करून दे." त्याच्या कार्डावरची शेवटची 8 अक्षरं जुळली आणि मी सही करणारच होतो. पण तेवढी 8 जुळणारी बनावट की साध्या संगणकावरही तयार करता येते. मग माझ्याकडच्या जुन्या नंबरवर त्याला फोन लावला, फिंगरप्रिंटची सगळी 40 अक्षरं वाचायला लावली आणि नंतरच टर्मिनलवर 'साइन-की' चालवलं.

खात्री स्वतःपुरतीच हवी असेल, तर 'एलसाइन-की' वापरा. ती सही कीसोबत बाहेर जात नाही. 'साइन-की'च्या सहीवर मात्र तिसराही विसंबतो. खरेदीखतावर साक्षीदार म्हणून सही करण्याआधी आजोबा माणूस समोर बोलवायचे. आपणही तेच करायचं.