स्क्रू नेमका बसला. पण बसवायचा होता का?

कंबरदुखीचा रोगी हल्ली डॉक्टरांसमोर येतो तो एमआरआयची पिशवी काखेत मारूनच. टेबलावर आडवं व्हायच्या आधी फिल्म उजेडावर धरली जाते, अहवालातली ‘एल४-एल५ डिस्क बल्ज’ ही ओळ वाचली जाते आणि ‘मणक्यात गॅप आलाय’ हा निकाल घरी पोचतोसुद्धा. पाय सरळ उचलला तर कळ कुठवर जाते, अंगठा वर ओढायला जोर किती आहे, टाचांवर चालता येतं का, एवढं बघायला पाच मिनिटं पुरतात. तीच मिळत नाहीत.

१९९४ साली अमेरिकेत कंबर न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय काढले गेले. निम्म्याहून अधिक लोकांच्या निदान एका चकतीला फुगवटा निघाला. वयाबरोबर हे प्रमाण वाढतंच. म्हणजे चित्रात दिसणारी झीज खरी असते, पण दुखणं तिचंच आहे हे चित्र सांगू शकत नाही.

या डळमळीत पायावर आता नेव्हिगेशनचा, म्हणजे मणके जोडणारे स्क्रू पडद्यावर बघत बसवण्याच्या तंत्राचा, मजला चढतो आहे. ऑपरेशन टेबलावरच रोग्याभोवती यंत्र फिरून कण्याची त्रिमितीय प्रतिमा घेतं. मणक्याच्या पाठीमागच्या काट्याला एक छोटी चौकट आवळतात, तिच्यावर चमकते गोळे असतात. तसेच गोळे हत्यारावरही. इन्फ्रारेड कॅमेरा दोन्हींवर नजर ठेवतो आणि हत्याराचं टोक हाडात कुठे आहे ते पडद्यावर दिसतं. छातीच्या मधल्या मणक्यांत स्क्रूला वाट जेमतेम काही मिलिमीटरची, आणि लगतच मज्जारज्जू. वाकडा कणा, आधी एकदा उघडलेली पाठ, मानेचे वरचे मणके, अशा ठिकाणी या तंत्राला नावं ठेवणं करंटेपणाच होईल.

मात्र पडद्यावरचा कणा हा प्रतिमा घेतली त्या क्षणाचा असतो. सहायकाचं कोपर चौकटीला लागलं, ती केसभर सरकली, तरी चित्र तितकंच रेखीव दिसत राहतं. चौकटीपासून जितक्या दूरच्या मणक्यावर काम, तितकी चूक वाढण्याची शक्यता. म्हणून जाणता सर्जन अधूनमधून हत्याराचं टोक ओळखीच्या हाडाच्या उंचवट्यावर टेकवतो आणि पडदाही तेच दाखवतो ना, हे ताडून बघतो. पडद्यावरच शिकलेल्या पिढीला ही शंका घ्यायची सवय राहील का, याची मला खरोखर काळजी वाटते.

त्याहून मोठा धोका थिएटरच्या बाहेर आहे. नेव्हिगेशनमुळे स्क्रू अधिक अचूक बसतात, याला चांगला आधार आहे. त्यामुळे रोग्याची कंबर कमी दुखते, हे तेवढ्या ठामपणे दाखवता आलेलं नाही. कारण स्क्रू लागणारच होता का, हा प्रश्न यंत्राच्या कक्षेतच येत नाही. २०१६ साली स्वीडनमधल्या २४७ रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्यांच्या कमरेतली मज्जेची नळी अरुंद झालेली. काहींचा नुसता दाब मोकळा केला, काहींचे मणके जोडलेही. दोन वर्षांनी दोन्ही गट सारखेच. जोडलेल्यांचा मुक्काम, रक्तस्राव आणि खर्च तेवढा जास्त. त्याच सुमाराच्या एका लहान अमेरिकी अभ्यासात, मणका पुढे सरकलेल्यांना जोडण्याचा थोडा फायदा दिसला, तेव्हा वाद मिटलेला नाही. पण तो स्क्रूच्या अचूकपणाचा वाद नव्हता. कोट्यवधींचं यंत्र घेतलेल्या रुग्णालयाला ते चालतं ठेवावं लागतं, आणि जाहिरातीत ‘अचूक’ हा शब्द ‘आवश्यक’च्या जागी सहज बसतो.

रोग्याने यंत्राची चौकशी जरूर करावी, पण आधी विचारावं: माझी तक्रार कमरेची की पायात उतरणाऱ्या कळेची? दबलेल्या नसेमुळे पायात येणारी कळ शस्त्रक्रियेने बरीच हटते. नुसत्या कंबरदुखीबद्दल तशी हमी कोणी देऊ नये. थांबलो तर काय बिघडेल, हेही विचारावं. चकती सरकून पायात आलेली कळ पुष्कळांची काही आठवड्यांत आपसूक ओसरते.

लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, बैठकीची जागा बधिर झाली, पाऊल लुळं पडू लागलं, तर मात्र दुसऱ्या मताच्या फेऱ्या न मारता त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. ताप, घटतं वजन आणि रात्री झोपू न देणारी पाठदुखी असेल तर आधी क्षय आणि कर्करोग तपासून घ्यावा. मणक्याचा क्षय आपल्याकडे अजूनही दुर्मीळ नाही, आणि बहुतेक वेळा तो गोळ्यांनी बरा होतो.