काजूच्या चिकाची नोंद कोठे?

तेव्हाच्या सिलोनमधील डॉ. सी. जी. उरगोडा यांनी १९७० साली चहाच्या केराने जडणाऱ्या दम्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात केली. रोजच्या पेयामागे कुणाची तरी धाप असते, ही गोष्ट त्यामुळे कागदावर आली. दापोलीच्या मातीत चहा नव्हे, काजू रुजला. परंतु काजूबी फोडणाऱ्या आपल्या भगिनींच्या दुखण्याकडेही तसेच लक्ष जायला हवे.

काजूच्या कवचाच्या दोन थरांमध्ये दाहक तेल असते. त्यातील ॲनाकार्डिक आम्ल व कार्डॉल ही द्रव्ये बिब्ब्याच्या तेलाची नातलग आहेत. काजू, बिब्बा आणि आंबा एकाच कुळातील. बिब्बा उतल्यावर अंगाची काय दशा होते हे कोकणी माणसास सांगावयास नको. काजूच्या चिकाने बोटे काळी पडतात, कातडी सोलवटते. कित्येकींना त्याची ॲलर्जी जडते. मग थोड्याशा स्पर्शानेही एक-दोन दिवसांनी पुरळ उठते.

पूर्वी बिया थेट आचेवर भाजीत, तेव्हा तिखट धुराने डोळे चुरचुरत व छाती भरून येई. आता बऱ्याच कारखान्यांत बिया वाफेवर शिजवितात. धूर घटला, हे चांगलेच झाले. परंतु या पद्धतीत तेल कवचातच राहते आणि बी कापताना हातावर येते. म्हणजे छातीचा त्रास काहीसा हातांकडे सरकला. तोही पुरता सरकला नाही. बाष्पकाखाली टरफलेच जाळली तर तोच धूर परत येतो, आणि वाळलेल्या गराची तांबूस साल काढताना उडणारी धूळ नाकातोंडात जातेच.

हातमोजे का घालत नाहीत, असा प्रश्न सुशिक्षित माणूस सहज विचारतो. मजुरी किलोवर मिळते. जाड मोज्यांनी बोटांची चपळाई जाते, गराचे तुकडे होतात, आणि संध्याकाळी वजनकाट्यावर त्याची किंमत मोजावी लागते. म्हणून तेल वा राख चोळून काम चालते. मोजे घालून होणारे काम धरून दर ठरविला, तरच मोज्यांचा उपदेश प्रामाणिक ठरेल.

कायदा अगदीच मुका नाही. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यवसायजन्य दमा व त्वचारोग या दोहोंचा समावेश होता. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही व्यवसायजन्य रोगांचे परिशिष्ट आहे. अडचण निराळीच आहे. जुन्या कायद्याने या रोगांसाठी एकाच मालकाकडे सलग सहा महिन्यांची नोकरी अपेक्षिली होती. काजूचे काम बहुधा हंगामी. आज एका शेडमध्ये, उद्या दुसऱ्या. कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिसही याच परिशिष्टात होता. पण मुंबईच्या गिरणीत गेलेल्या कोकणी चाकरमान्यामागे हजेरीपट होता, संघटना होती. घरच्या पडवीत काजू सोलणाऱ्या त्याच्या सुनेजवळ यांतले काय आहे?

दापोलीत १९७२ पासून कोकण कृषी विद्यापीठ आहे. त्याच्या वेंगुर्ल्याच्या केंद्रातून निघालेल्या काजूच्या जातींनी बागायतदारांचे उत्पन्न वाढविले. २०२३ मध्ये राज्य शासनाने काजू मंडळाचा निर्णय घेतला. झाड, बी, गर, बोंड यांचा विचार झाला. बी फोडणाऱ्या हातांची तपासणी हंगामाच्या आरंभी व अखेरीस करणे हे त्या मानाने अल्प खर्चाचे काम आहे.

तोवर दोन गोष्टी आपल्या हाती आहेत. दवाखान्यात गेल्यावर, डॉक्टरांनी विचारले नाही तरी, आपण काजूचे काम करतो हे सांगावे व केसपेपरवर लिहून घ्यावे. सुटीच्या दिवसांत धाप कमी होते का, हेही सांगावे, कारण व्यवसायजन्य दम्याच्या निदानात तो मोठा धागा असतो. आणि कामाच्या तारखा, ठिकाण व मिळालेली मजुरी एका वहीत टिपून ठेवावी. सहा महिन्यांचा प्रश्न कधी उभा राहिला, तर हजेरीपट नसलेल्या ठिकाणी ती वहीच पुढे करता येईल.