वेळ न घेता आलेला आवाज

आकाशवाणीवर सिनेसंगीत नको, असा मराठी मंत्री बाळकृष्ण केसकर यांचा हट्ट, आणि त्याचा फायदा झाला रेडिओ सिलोनला. १९५२मध्ये तिथे ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि मुंबईत बसून ती ध्वनिमुद्रित करणारे अमीन सयानी घराघरांत पोचले. साठच्या दशकात आठवड्याला वीसेक कार्यक्रमांचा रगाडा उपसणाऱ्या सयानींच्या दारी एक शिडशिडीत तरुण आवाजाच्या चाचणीसाठी आला, तोही आगाऊ वेळ न ठरवता. ताटकळला, परत गेला, पुन्हा काही वेळा आला. पण स्वागतिकेमार्फत निरोप एकच, वेळ घेऊन या. सयानींनी त्याला पाहिलंही नाही. तो होता अमिताभ बच्चन. १९६९मध्ये मृणाल सेन यांनी ‘भुवन शोम’चं निवेदन त्याच आवाजात करून घेतलं. उतारवयात सयानी ही चुटपुट मुलाखतींत मोकळेपणी सांगत, वर मिस्कील हिशेबही मांडत. त्याला तेव्हा घेतला असता तर रेडिओची सगळी कामं त्यालाच मिळाली असती, आपण रस्त्यावर आलो असतो आणि हिंदी सिनेमा आपल्या सर्वांत मोठ्या नटाला मुकला असता!